सूचना फलकाचे अर्थशास्त्र : भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोरील संधी

(महाराष्ट्रातील एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाची अभ्यास सहल तंजावूर येथे आली असता राजवाडा परिसरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दरूप.)



आपल्या विभागाने मला दिलेला विषय आहे ‘भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोरील आगामी संधी’. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे. त्यामुळे या विषयावर मी काय बोलणार, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु संधी ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक वस्तूच आहे. तिचा पुरवठा असतो, मागणी असते आणि तिला किंमतही असते. ही किंमत केवळ परीक्षा शुल्काच्या रूपाने मोजावी लागत नाही. संधी अस्तित्वात आहे हे वेळेवर कळणे, हा त्या किमतीचा सर्वांत मोठा भाग असतो. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये ‘माहितीचे अर्थशास्त्र’ या विषयावरील आपल्या निबंधात माहिती मिळविण्यासाठीही खर्च करावा लागतो, हे दाखवून दिले. ज्याचा शोधखर्च अधिक, तो बाजारातून रिकाम्या हाताने परततो. गुणवत्ता असूनही संधी हुकते ती अनेकदा याच कारणाने. आजच्या व्याख्यानाचा हाच मुख्य मुद्दा आहे.

राजवाड्यातील विज्ञान

आपण ज्या परिसरात बसलो आहोत, त्याचा आणि या मुद्द्याचा निकटचा संबंध आहे. सरफोजी राजे (दुसरे) १७९८ मध्ये तंजावूरच्या गादीवर आले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ल्यापुरता अधिकार व तनखा राहिला. सैन्य आणि महसूल हातातून गेलेल्या या राजाने उरलेल्या साधनांतून काय उभारले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालयाची मोठी वाढ केली आणि युरोपीय भाषांतील हजारो पुस्तके जमविली. विजेचे यंत्र, हवेचा पंप, दुर्बिणी अशी उपकरणे मागविली. नवविद्या कलानिधी शाळा काढली. १८०५ मध्ये मुद्रणालय स्थापन केले आणि त्यातून १८०६ मध्ये इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ छापले गेले. मराठीतील अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत त्याची गणना होते. त्यांच्या नावावरील ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात कुरवंजी या दक्षिणेतील लोकनाट्याच्या प्रकारातून जगाचा भूगोल सांगितला आहे. १८२६ मध्ये बिशप हेबर यांनी राजांची भेट घेतली, तेव्हा लाव्हाझिए, लिनियस, ब्यूफाँ या शास्त्रज्ञांचे दाखले राजे सहज देतात, याची त्यांनी आवर्जून नोंद केली.

हे सर्व गौरवास्पद आहे. मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे : या ज्ञानसाठ्यापर्यंत कोण पोहोचू शकत होते? सरफोजी राजे १८३२ मध्ये निवर्तले. १८५५ मध्ये भोसले घराण्याची गादी संपुष्टात आली. सरस्वती महाल ग्रंथालय सर्वसामान्यांसाठी खुले झाले ते १९१८ मध्ये. राजांच्या निधनापासून हा काळ ८६ वर्षांचा होतो. पुस्तके होती, पोथ्या होत्या, मोडी लिपीतील दप्तरे होती. पण नगरातील एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला आत जाण्याचा हक्क नव्हता. ज्ञानाचा साठा आणि ज्ञानाची उपलब्धता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा या वास्तूने आपल्याला दिला आहे.

येथून जवळच बृहदीश्वर मंदिराचे उंच शिखर दिसते. त्याच्याशीही भौतिकशास्त्राची एक घटना निगडित आहे. विल्यम लॅम्बटन यांचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण १८०८ मध्ये या भागात आले. कावेरीचा त्रिभुज प्रदेश सपाट असल्यामुळे निरीक्षणासाठी टेकड्या नव्हत्या; म्हणून मंदिरांच्या शिखरांचा आधार घेतला जात असे. सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट वर चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. त्याचे मोजपट्टीयुक्त वर्तुळ वाकले. दुसरे यंत्र लंडनहून येण्यास दीर्घ काळ लागला असता. लॅम्बटन यांनी कित्येक आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले आणि सर्वेक्षण पुढे चालू राहिले. प्रयोगशाळेत उपकरण बिघडले की ‘प्रयोग झाला नाही’ असे लिहून मोकळे होणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. आज संशोधन संस्थांच्या मुलाखतींत पाठ केलेल्या सूत्रांपेक्षा हाताने काम करण्याची ही वृत्तीच अधिक तपासली जाते.

कावेरीकाठचे दोन विद्यार्थी

तंजावूरहून सुमारे ४० किलोमीटरवर कुंभकोणम आहे. तेथील शासकीय महाविद्यालयात श्रीनिवास रामानुजन यांना १९०४ मध्ये शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. गणिताव्यतिरिक्त अन्य विषयांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे ती शिष्यवृत्ती गेली आणि पदवीही हुकली. १९१२ मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपये वेतनावर कारकून झाले. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले आणि त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. विद्यार्थी तोच होता आणि त्याची प्रतिभाही तीच होती. मधल्या आठ-नऊ वर्षांत बदलले ते एवढेच की, योग्य व्यक्तीपर्यंत त्याच्या कामाची माहिती पोहोचली.

दुसरे उदाहरण चंद्रशेखर वेंकट रामन यांचे. त्यांचा जन्म १८८८ मध्ये तिरुचिरापल्लीजवळील तिरुवानैकोविल येथे झाला. तुमच्यापैकी अनेक जण स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत, म्हणून सांगतो : रामन १९०७ मध्ये वित्त सेवेच्या परीक्षेत पहिले आले आणि कलकत्त्यात साहाय्यक महालेखापाल म्हणून रुजू झाले. ट्रामने जाताना बहुबाजार रस्त्यावर ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ असा फलक त्यांच्या दृष्टीस पडला, असे सांगितले जाते. १८७६ मध्ये डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी स्थापन केलेल्या त्या संस्थेत रामन कार्यालयापूर्वी आणि कार्यालयानंतर प्रयोग करू लागले. मधल्या काळात रंगून व नागपूर येथे बदल्या झाल्या, तरी अभ्यास थांबला नाही. १९१७ मध्ये कमी वेतन पत्करून त्यांनी कलकत्ता विद्यापीठाचे पालित प्राध्यापकपद स्वीकारले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम सिद्ध झाला आणि १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ पासून आपण २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.

या दोन्ही उदाहरणांत एक पत्र आणि एक फलक यांचे महत्त्व किती, हे आपल्या ध्यानात येईल.

एक वैयक्तिक अनुभव

मी स्वतः पदवीपर्यंत भौतिकशास्त्राचाच विद्यार्थी होतो. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी शिकत होतो. द्वितीय वर्षाला असताना एका उन्हाळी प्रशिक्षण वर्गाचे परिपत्रक महाविद्यालयात आले. अर्ज पोहोचण्याची अंतिम तारीख ३१ जानेवारी होती. मी ते फलकावर वाचले फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. धीर करून कार्यालयात विचारणा केली. लिपिकाने आवक नोंदवही उघडली; परिपत्रक ९ जानेवारीलाच पोहोचले होते. ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिले. कोणाच्याही मनात खोट नव्हती. त्या वर्गासाठी माझी निवड झालीच असती, असेही मी म्हणत नाही. परंतु अर्ज करून नाकारले जाणे आणि अर्ज करण्याची वेळच निघून जाणे यांतील फरक मी विसरलो नाही. पुढे मी अर्थशास्त्राकडे वळलो, त्यात समाधानी आहे. मात्र माझ्या वर्गात माझ्याहून हुशार असा एक विद्यार्थी होता. त्याने मात्र शिक्षणच सोडले. त्याला त्या काळात कोणतीही शिष्यवृत्ती ठाऊक नव्हती. आम्हा कोणालाच ती ठाऊक नव्हती.

विद्यार्थ्यांचे वार्षिक वेळापत्रक

आता प्रत्यक्ष संधींकडे वळू. पुढील तपशिलात मी महिने सांगत आहे, ते साधारण स्वरूपाचे आहेत. नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात. त्या संबंधित संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच पडताळून घ्याव्यात.

ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ अर्ज भरण्याचा असतो. पदव्युत्तर प्रवेशासाठी आयआयटींची ‘जॅम’ आणि अभियांत्रिकी व विज्ञान शाखांसाठी ‘गेट’ या दोन्ही परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास होतात. परंतु त्यांचे अर्ज याच काळात भरून घेतले जातात. परीक्षा फेब्रुवारीत म्हणून जानेवारीत चौकशी करणारा विद्यार्थी पूर्ण वर्ष गमावतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीच्या अर्जांचा काळ होय. बंगळूर, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील या अकादमी निवडक विद्यार्थ्यांना सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी देतात. यासाठी प्राध्यापकाचे शिफारसपत्र लागते. ते आदल्या दिवशी मागू नये.

भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली. तिची पदवी विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय भौतिकशास्त्र परीक्षा जानेवारीच्या सुमारास होते. तीत सैद्धान्तिक प्रश्नांबरोबर निवडक विद्यार्थ्यांची प्रायोगिक चाचणीही घेतली जाते. मुंबईतील मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवी विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. त्यात शिबिरे आणि प्रकल्प असे दोन्ही असतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. तिच्यातील प्रकल्प केवळ प्रमाणपत्रासाठी करू नये. तोच पुढे उन्हाळी शिष्यवृत्तीच्या अर्जात आपल्या कामाचा पुरावा ठरतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त जुन्नर तालुक्यातील खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजेच जीएमआरटीच्या परिसरात विज्ञान प्रदर्शन भरते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण पाहणे हाच एक पाठ आहे. पुण्यातील आयुका संस्थाही त्या दिवशी नागरिकांसाठी दारे उघडते.

केंद्रीय विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२२ पासून सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी ‘जेस्ट’ आणि वर्षातून दोन सत्रांत होणारी सीएसआयआर-यूजीसी ‘नेट’ या परीक्षा महत्त्वाच्या आहेत. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी.चा थेट मार्ग खुला केला आहे. मागासवर्गीय व अन्य पात्र विद्यार्थ्यांसाठीच्या सवलती नियमावलीत पाहाव्यात.

सर्वांनाच संशोधक व्हायचे नसते. भाभा अणु संशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून कार्यरत आहे. तेथे निवड झालेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षणानंतर सेवेचा मार्ग मोकळा होतो. एम.एस्सी.नंतर विकिरण भौतिकीची पदविका घेऊन कर्करोग रुग्णालयांत वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ म्हणून काम करता येते. नागरी सेवा परीक्षेतही भौतिकशास्त्र हा वैकल्पिक विषय उपलब्ध आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुनी मार्गदर्शक पुस्तके वाचून निर्णय घेऊ नका. १९९९ मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना अनेक वर्षे नामांकित होती. २०२२ मध्ये ती ‘इन्स्पायर’ योजनेत समाविष्ट करण्यात आली. आजही तिच्या तयारीची पुस्तके रद्दीत आणि ग्रंथालयांत आढळतात. कालबाह्य माहितीची किंमत अज्ञानापेक्षाही अधिक असू शकते.

मागणी कोठून येणार?

भौतिकशास्त्राच्या पदवीधरांना मागणी आहे काय, असा प्रश्न पालक विचारतात. तो रास्त आहे. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या कालावधीसाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. त्याअंतर्गत चार विषयकेंद्रे निश्चित झाली असून त्यांपैकी क्वांटम संवेदन व मापन यांचे केंद्र आयआयटी मुंबई येथे, तर क्वांटम संदेशवहनाचे आयआयटी मद्रास येथे आहे. याच एप्रिल महिन्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे उभारावयाच्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय तरंग वेधशाळेस २,६०० कोटी रुपये खर्चाची मान्यता मिळाली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असणारी ही वेधशाळा २०३० च्या सुमारास पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. माझ्या विद्यार्थिदशेत हा भाग परभणी जिल्ह्यातच होता. निर्वात तंत्रज्ञान, लेसर, प्रकाशिकी, विदा विश्लेषण या सर्व क्षेत्रांत तेथे माणसे लागतील. ती आसपासच्या महाविद्यालयांतून जाणार की केवळ दूरच्या महानगरांतून येणार, हे आज आपण काय शिकतो यावर अवलंबून आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२०-२१ मध्ये संशोधन व विकासावरील आपला एकूण खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. चीनमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक, तर दक्षिण कोरिया व इस्रायल येथे चार टक्क्यांहून अधिक आहे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्यामागे हे प्रमाण वाढविण्याचा आणि विद्यापीठे व महाविद्यालये यांना संशोधनाच्या प्रवाहात आणण्याचा हेतू आहे. तोपर्यंत जागा मर्यादित आणि इच्छुक अधिक, ही स्थिती राहणार. म्हणून संधी-खर्चाचा विचार करावा. एक मार्ग निवडताना जो दुसरा उत्तम मार्ग सोडावा लागतो, त्याचे मूल्य म्हणजे संधी-खर्च. घराला तातडीने उत्पन्नाची गरज असलेल्या विद्यार्थ्याने नोकरी स्वीकारली तर त्यात कमीपणा नाही. रामन यांनीही तेच केले. त्यांनी नोकरी धरली, पण प्रयोगशाळेचा फलक नजरेआड होऊ दिला नाही.

फलकावरील दोन तारखा

अखेरीस एक छोटी सूचना करतो. सूचना फलक ही अर्थशास्त्रीय परिभाषेत सार्वजनिक वस्तू आहे. एका विद्यार्थ्याने सूचना वाचली म्हणून दुसऱ्यासाठी ती संपत नाही. असे असूनही स्पर्धेच्या भीतीने आपण माहिती दडवून ठेवतो. देशभरातील हजारो उमेदवारांच्या परीक्षेत शेजारच्या बाकावरील मित्राला अंधारात ठेवून आपली शक्यता कितीशी वाढते, याचे गणित तुम्हीच मांडून पाहा. याउलट, दोघांनी मिळून केलेल्या तयारीचा लाभ दोघांनाही होतो.

आपल्या विभागात परतल्यावर प्रत्येक सूचनेवर दोन तारखा लिहिण्याची पद्धत सुरू करा : सूचना महाविद्यालयात आल्याची तारीख आणि फलकावर लागल्याची तारीख. या दोहोंतील दिवस मोजा. तुम्ही भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आहात; जे मोजता येते ते सुधारता येते, हे तुम्हाला वेगळे सांगण्याची गरज नाही. आता बहुतांश सूचना संगणकावर येतात, हे खरे. पण त्या कोणाच्या तरी खात्यात येऊन पडतात आणि तेथेही दिवस जातातच. प्रथम वर्षाच्या दोन, द्वितीय वर्षाच्या दोन आणि तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांकडे हे काम द्या, म्हणजे तृतीय वर्षाचे विद्यार्थी गेल्यावर ही पद्धत बंद पडणार नाही. ज्यांच्या घरी संगणक नाही, जे रोज एस.टी.ने येऊन शेवटच्या तासानंतर लगेच परततात, त्यांना सूचना तोंडी सांगण्याची जबाबदारीही याच सहा जणांनी घ्यावी.

या राजवाड्यातील ग्रंथ जनतेपर्यंत पोहोचण्यास राजांच्या निधनानंतर ८६ वर्षे लागली. मी ज्या परिपत्रकाविषयी सांगितले, त्याला एक महिन्याहून अधिक काळ लागला. तुमच्या फलकावर हे अंतर एका दिवसाचे असावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.